अपात्र संगणकांवर न सांगता विंडोज ११ बसवल्याबद्दल तक्रार

दि. १७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: वाचनालयाचे संगणक अपग्रेडनंतर सुरू न होणे, चुकीचे निदान आणि जुन्या हार्ड डिस्क परत मिळण्याबाबत

महोदय,

सप्टेंबरमध्ये आपल्या कंपनीने आमच्या सार्वजनिक वाचनालयातल्या सात संगणकांमध्ये नव्या एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी वापरायच्या जलद डिस्क) घालून विंडोज ११ बसवून दिले. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतोय, त्याआधी हे करून घ्या, असे आपल्या प्रतिनिधींनी आमच्या कार्यकारिणीपुढे सांगितले होते. तारीख त्यांनी बरोबर सांगितली. मात्र त्याबरोबर जे सांगणे भाग होते ते सांगितले नाही. त्या सातपैकी दोन संगणक आजपर्यंत एकदाही नीट सुरू झालेले नाहीत. आणखी चार मध्येच बंद पडले, ते आम्हाला बाहेरच्या माणसाकडून चालू करून घ्यावे लागले.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, सिक्युअर बूट (फक्त विश्वासार्ह प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) चालवू शकणारा संगणक लागतो आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. आमचे पाच संगणक इंटेलच्या सहाव्या पिढीच्या आय३ प्रोसेसरचे आहेत आणि दोन त्याहूनही जुन्या कोअर टू ड्युओचे. म्हणजे सातातला एकही या अटीत बसत नाही. ही तपासणी वगळणारा पेनड्राइव्ह रूफससारख्या साधनाने तयार करता येतो आणि पुष्कळ लोक आपल्या जबाबदारीवर तसे करतात, याला माझी हरकत नाही. पण ती जबाबदारी घ्यायची की नाही हे संगणकाच्या मालकाने ठरवायचे असते. अशा संगणकांना अपडेट मिळतीलच याची हमी नाही आणि त्यातून झालेले नुकसान वॉरंटीत येत नाही, हे मायक्रोसॉफ्टने स्वतः जाहीर केले आहे. आमच्या बिलावर मात्र ‘अधिकृत विंडोज ११ अपग्रेड’ एवढेच लिहिले आहे.

आता एकेक बिघाड सांगतो, कारण प्रत्येक वेळी आपल्याकडून मिळालेले उत्तर चुकीचे होते.

विंडोज बसवताना आपल्या इंजिनिअरने जुनी हार्ड डिस्क काढली नव्हती, नवी एसएसडी तिच्याशेजारीच जोडली होती. अशा वेळी विंडोजचा सेटअप जुन्या डिस्कवर आधीपासून असलेले ईएफआय पार्टिशनच (संगणक सुरू करणाऱ्या फाइलींचा डिस्कवरचा छोटा कप्पा) वापरतो. विंडोज गेले एसएसडीवर, आणि ते सुरू करून देणाऱ्या बूट फाइली राहिल्या जुन्या डिस्कवर. दोन्ही डिस्क जोडलेल्या होत्या तोवर सगळे सुरळीत दिसले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आपला माणूस ‘बायबॅक’ म्हणून सगळ्या जुन्या डिस्क काढून घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीन संगणकांवर बूट डिव्हाइस सापडत नसल्याचा संदेश आला. फोनवर आम्हाला सांगितले गेले की एसएसडी खराब निघाल्या असतील, नव्या घ्या. एसएसडी ठणठणीत होत्या. जवळच्या आयटीआयमधल्या एका शिक्षकांनी विंडोजच्या पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडला, डिस्कपार्ट या आज्ञेने सी ड्राइव्हमधली थोडी जागा मोकळी केली, तिथे फॅट३२ या स्वरूपाचे छोटे ईएफआय पार्टिशन तयार केले आणि बीसीडीबूट या आज्ञेने बूट फाइली नव्याने लिहिल्या. तिन्ही संगणक लगेच सुरू झाले. जे काम शिक्षकांनी एका दुपारी, एक पैसा न घेता केले, ते करायला आपला इंजिनिअर एकदाही आला नाही.

चौथा संगणक दिवाळीच्या सुट्टीनंतर निळ्या पडद्यावर अडकला. ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ एवढे दाखवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. यावेळी आपला माणूस आला, पाच मिनिटे पाहिले आणि मदरबोर्ड गेल्याचे सांगून नव्या संगणकाचे दरपत्रक ठेवून गेला. प्रत्यक्षात गेला होता तो मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल, म्हणजे वीज नसताना सेटिंग आणि घड्याळ सांभाळणारी छोटी बॅटरी. सुट्टीत मेन स्विच बंद होता, त्यामुळे बायोसच्या (संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रणालीच्या) सेटिंग पुसल्या जाऊन कारखान्यातून आल्या तशा झाल्या. आपल्या इंजिनिअरने सप्टेंबरमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) ‘रेड’वरून ‘एएचसीआय’वर नेला होता, तो परत ‘रेड’वर आला आणि विंडोजला आपलीच डिस्क ओळखता येईना. बायोस उघडला की घड्याळात कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दिसत होती. सेल गेल्याचे इतके उघड चिन्ह ज्याला दिसत नाही, त्याने मदरबोर्डबद्दल मत द्यावे का? शंभर रुपयांच्या आतला सेल बदलला, मोड पुन्हा ‘एएचसीआय’ केला, संगणक चालू झाला. कोणत्या सेटिंग बदलल्या याची चार ओळींची चिठ्ठी इंजिनिअरने लिहून ठेवली असती, तर आम्हाला कुणाकडे जावेच लागले नसते.

राहिले कोअर टू ड्युओचे दोन. त्यांच्यावर पेनड्राइव्हवरून विंडोज बसेनाच, तेव्हा इंजिनिअरने एसएसडी दुसऱ्या संगणकात भरून आणली आणि यांच्यात जोडली. पडद्यावर विंडोजचे चिन्ह येते, संगणक रीस्टार्ट होतो, पुन्हा चिन्ह, पुन्हा रीस्टार्ट. ‘पहिल्यांदा वेळ लागतो, रात्रभर चालू ठेवा’ असे सांगून तो निघून गेला. रात्रभर काय, वर्षभर ठेवले तरी ते सुरू होणार नाहीत. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ हा सूचनांचा संच आणि त्यातलीच पॉपकाउंट ही सूचना असावीच लागते, आणि कोअर टू ड्युओमध्ये ती नाही. यावर बायोसमध्ये किंवा रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत) कोणताही उपाय नाही. जो धंदाच अपग्रेडचा करतो त्याला हे ठाऊक असायलाच हवे. तरीही या दोन संगणकांचे पूर्ण पैसे आमच्याकडून घेतले गेले.

आमच्यापुढे दुसरे मार्ग होते. विंडोज १० साठी जादा सुरक्षा अपडेट घेण्याची सोय आहे; घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, आणि संस्थांना दरवर्षी पैसे भरून त्यापुढेही. जुन्या दोन संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत मिळणारी हलकी प्रणाली चालली असती. मुलांना अर्ज भरायला ब्राउझरच तर लागतो. हे मार्ग कुणी मांडले असते तर कार्यकारिणीने विचार करून ठरवले असते. वाचनालय वर्गणीवर आणि शासकीय अनुदानावर चालते, खर्चाचा हिशेब आम्हाला सभासदांपुढे ठेवावा लागतो. शिवाय आमच्या अभ्यासिकेत आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून मुले येतात, त्यांच्या घरी संगणक नाही. स्पर्धा परीक्षेच्या अर्जाची मुदत संपत असताना त्यांना बंद पडद्यापुढून परत पाठवावे लागले. याचा मला जो राग आहे तो या पत्रात लपवण्याचे कारण नाही.

सर्वांत गंभीर बाब जुन्या डिस्कची. त्या सातही डिस्कवर सभासदांची नावे, पत्ते, फोन नंबर आणि काही वर्षांच्या पुस्तक देवघेवीची नोंद आहे. त्या नेताना डेटा पुसल्याचा किंवा पुसणार असल्याचा कोणताही कागद आपण दिलेला नाही. त्या आहेत तशा, काहीही न पुसता, आम्हाला परत हव्यात. बायबॅकची रक्कम आम्ही लगेच परत करू.

त्याखेरीज कोअर टू ड्युओच्या दोन संगणकांसाठी घेतलेली अपग्रेडची पूर्ण रक्कम परत करावी. उरलेले पाच संगणक अटीत बसत नाहीत हे आपण लेखी मान्य करावे आणि प्रत्येकाच्या बायोसमध्ये काय बदलले ते लिहून द्यावे. त्यांच्यावर पुन्हा विंडोज १० टाकायचे की ११ ठेवायचे ते आम्ही ठरवू, आणि आम्ही सांगू ते काम आपण विनामूल्य करावे. मदरबोर्ड गेल्याचे ते दरपत्रकही लेखी मागे घ्यावे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतील त्रुटीच्या व्याख्येत ग्राहकापासून महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणेही येते. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू. तसा ठराव कार्यकारिणीने मंजूर केला आहे.

आपला,
ग्रंथपाल,
सार्वजनिक वाचनालय, जि. सांगली

सोबत: बिलाची प्रत, दरपत्रकाची प्रत, पडद्यावरील संदेशांची छायाचित्रे, कार्यकारिणीचा ठराव