संगे, मामाजीशी तूच बोल

प्रिय संगे,

पोळ्यापासून लिहीन लिहीन म्हणते अन् राहूनच जाते. घरी सगळे बरे हायेत, सासूबाईचे गुडघे तसेच. आता खरं सांगते, कारण हे सासरी कोणाजवळ बोलता येत नाही.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पाटलाच्या वाड्याजवळचं सहा वर्षांचं पोट्टं नंदीबैल घेऊन पळता पळता ओट्यावरून हातावर पडलं. कोपराच्या वरचं हाड. घरच्यायनं आमच्या मोठ्या मामाजीकडं नेलं, हाडं बसवतात ना ते. हो, तेच. तू लगेच म्हणशील का त्यायनं तुहा पाय कसा बरा केला, होस्टेलात याच्यावरूनच आपला अबोला झाला होता ना! मी आजही तेच म्हणते, तुहा पाय मुरगळला होता वं, मोडला नव्हता.

मामाजीनं तेल लावलं, बांबूच्या कामट्या लावल्या अन् फडकं आवळून बांधलं. सूज वाढत जाते, फडकं काही वाढत नाही. रात्रभर लेकरू रडलं, हाड मोडलं तं दुखणारच म्हणून सगळ्यायनं समजावलं. सकाळी रडणं थांबलं, घरच्यायले वाटलं आराम पडला. संगे, त्या थांबण्याचा अर्थ तुले सांगायले नको, आराम नाही वं, हात बधिर होत होता. मायले मात्र बोटं थंड लागली म्हणून ती त्याले कडेवर घेऊन दवाखान्यात आली.

बोटं फुगलेली, पांढुरकी. नख दाबलं तं लाली परतच येईना. बोटाले हात लावलेला त्याले समजत नव्हता, पण तेच बोट जरा सरळ करायले गेली तं असं किंचाळलं का बाहेरची लाइन उठून दारात आली. डॉक्टरसायबाले हाक मारली अन् पट्टी, कापूस, सगळं कातडीपर्यंत कापून मोकळं केलं. कोणीतरी हात उशीवर उंच ठेवायले लागलं, मी म्हटलं नाही, छातीच्या बरोबरीनं ठेवा, उंच केला तं जे थोडं रक्त जाते तेही जाणार नाही. उपाशी ठेवलं, १०८ बोलावली. नागपूरले त्याच दिवशी कातडी अन् आतलं आवरण चिरून प्रेशर सोडलं. पण स्नायूले रक्त नसलं तं ६ तासांच्या आसपास कायमचं नुकसान व्हायले लागते, अन् इथं तं पूर्ण रात्र गेली होती.

आता ते ड्रेसिंगले येते. मनगट खाली वाकवलं का बोटं उघडतात, सरळ केलं का मुठीत गोळा होतात. आपण परीक्षेसाठी घोकलेला १८८१ चा व्होल्कमन, रक्त न मिळून स्नायू आखडतात अन् बोटं वळून राहतात, तोच, या लेकराच्या उजव्या हातात. रात्री स्प्लिंट कशी बांधायची, एकेक बोट कसं हळूहळू ताणायचं, सगळं मी मायले शिकवते. पोट्टं रडते, माय तोंड फिरवते, अन् जाताना रोज विचारते, "सिस्टर, पाटीवर लिहीन ना हा?" मी काय सांगू वं?

अन् मामाजीच्या ओट्यावर अजूनही लोक येतात. त्यायले कोणी सांगतलंच नाही. ह्यायले म्हटलं तं म्हणे म्हाताऱ्याले कायले दुखवते. मले त्यायले दोष द्यायचा नाही, आपल्या वार्डातही प्लास्टर घट्ट झालं तं हेच होते, पण तिथं तासातासाले बोटं पाहणारी सिस्टर असते. मामाजीनं मोडलेलं हाड हातात घेऊच नये, सरळ दवाखान्यात धाडावं. अन् लचक-मुरगळ बांधली तरी बोटं उघडी ठेवावी, रात्री दुखणं वाढलं, मुंग्या आल्या का तवाच सोडायले सांगावं. इतकंच. पण मी सून, त्यायच्यासमोर उभी राहिली का जीभच वळत नाही.

तुही बदली झाली का? पोरीच्या दहावीचं टेन्शन घेऊ नको, मायवर गेली हाय ती. तुरीची डाळ पाठवते.

दिवाळीले येशील ना? मामाजी तुले अजून "माही पेशंट" म्हणतात, तुह्यं ऐकतील. लेकराचं नाव घेऊनच सांग, आडवळणानं नको. तारीख लवकर कळव, मी ड्युटी बदलून घेते.

तुही,
रेखा