चांदीच्या मोठ्या नाण्यांना जागा किती लागते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चांदीचा भाव किलोमागे लाखाच्या पुढे गेल्यापासून पुण्यात स्मारक नाण्यांविषयीचे कुतूहल वाढले आहे. आपल्या पुरवणीत नुकत्याच आलेल्या लेखात अशी नाणी सांभाळण्याविषयी काही सूचना होत्या, आणि त्यांतील ‘प्रत्येक नाणे स्वतंत्र मखमली पेटीत ठेवावे’ या सूचनेविषयी मला लिहावेसे वाटते. दोन खोल्यांच्या सदनिकेत राहणाऱ्या संग्राहकाला हा सल्ला पाळता येणार नाही, आणि नाण्यांच्या दृष्टीनेही तो फारसा हिताचा नाही.

आधी मापे पाहू. १९८१ नंतरची शंभर रुपयांची बरीचशी स्मारक नाणी ४४ मिलिमीटर व्यासाची, ३५ ग्रॅम वजनाची आणि निम्म्या चांदीची आहेत. अशा वीस नाण्यांची चळत जेमतेम पाच-सहा सेंटीमीटर उंच होते आणि तिचे वजन ७०० ग्रॅम भरते. तीच वीस नाणी मखमली पेट्यांत ठेवली तर कपाटाचा अख्खा खण अडतो. खटकन बंद होणाऱ्या पारदर्शक स्लॅबमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या चपट्या डब्यांत ठेवली तरी वीतभर लांबीचा एक डबा लागतोच. म्हणजे जागा नाणी कमी आणि त्यांची वेष्टनेच जास्त खातात.

म्हणून पहिले काम म्हणजे संग्रहाची वर्गवारी. ज्यांच्यावर टांकसाळीची झळाळी शाबूत आहे अशी नाणी आणि आरशासारख्या पृष्ठभागाची प्रूफ नाणी एकमेकांवर कधीही रचू नयेत. ती ॲक्रिलिकच्या गोल, नेमक्या मापाच्या कॅप्सूलमध्ये ठेवावीत आणि कॅप्सूल खणात आडव्या न पसरता उभ्या रांगेत लावाव्यात. वापरून झिजलेले राणीछाप रुपये, किंवा केवळ चांदी म्हणून घेतलेली एक औंसाची परदेशी नाणी, यांना इतका मान देण्याचे कारण नाही. त्यांच्यासाठी पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीनची गोल नळी उत्तम. नळी अर्धवट भरलेली असेल तर खण उघडताना नाणी आपटतात व त्यांच्या कडा दुखावतात, म्हणून उरलेली पोकळी आम्लविरहित कागदाने भरावी. टांकसाळीच्या संचांच्या मूळ पेट्या फेकू नयेत, कारण विकताना त्यांची किंमत होते. मात्र रिकाम्या पेट्या माळ्यावर गेल्या तरी चालतात, प्रमाणपत्रे तेवढी नाण्यांच्या यादीसोबत ठेवावीत.

खरी अडचण मापांची आहे. बाजारात सहज मिळणाऱ्या नळ्या बहुधा ४०.६ मिलिमीटरच्या अमेरिकन ईगलसारख्या नाण्यांच्या बेताने केलेल्या असतात. त्यांत १९७२ चे ३९ मिलिमीटरचे दहा रुपयांचे नाणे सैलसर बसते, गांधी जन्मशताब्दीचे ३४ मिलिमीटरचे नाणे खुळखुळते आणि आपले शंभराचे नाणे आत शिरतच नाही. यावर उपाय म्हणून काहीजण बोहरी आळीतून नळकामाच्या पीव्हीसी पाइपचे तुकडे कापून आणतात. युक्ती चतुर आहे, पण पीव्हीसीत क्लोरीन असते आणि ते जुने होत गेले की त्यातून आम्ल सुटू शकते, म्हणून चांदीजवळ ते नसलेलेच बरे. मऊ पीव्हीसीचे पाकीट तर त्याहून वाईट. नव्या रेक्झिनसारखा वास येणारी ही पाकिटे काही वर्षांत नाण्यावर हिरवट, चिकट थर सोडतात. हा थर शुद्ध ॲसिटोनने, खिडक्या उघड्या ठेवून आणि विस्तवापासून दूर राहून, काढता येतो. नखांचा रंग काढण्याच्या द्रावणाने मात्र काढू नये, कारण त्यात तेल आणि सुगंध मिसळलेले असतात.

चांदी काळी पडते ती हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे, आणि पावसाळ्यातील दमटपणा त्या क्रियेला हातभार लावतो. रद्दीचा कागद, साधा पुठ्ठा, लोकर आणि रबरबँड या सगळ्यांतून गंधक मिळते. रबरबँडने बांधलेल्या पुडीतील नाण्यावर उमटलेली काळी रेघ सहसा पुसली जात नाही. नळ्या आणि कॅप्सूल एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. झाकणातील गोल पट्टी साध्या रबराची नसून सिलिकॉनची आहे, एवढे पाहून घ्यावे. सोबत सिलिका जेलची पुडी ठेवावी व ती ओलावली की गरम करून पुन्हा वापरावी. डांबराच्या गोळ्या त्या कपाटात ठेवू नयेत, कारण त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीन हे प्लास्टिक मऊ पडते. हा डबा प्लायवुडच्या फडताळापेक्षा लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवावा, कारण शंभर मोठी नाणी म्हणजे साडेतीन किलो वजन एका जागी असते.

लक्ष्मीपूजनाला नाण्यांना पंचामृताचे स्नान घालणाऱ्या घरांनी त्यासाठी एक राणीछाप रुपया कायमचा वेगळा काढावा. नंतर चिंच-रांगोळीने घासून उजळ केलेले नाणे देवाला चालते, संग्राहकाला चालत नाही.

बँकेच्या लॉकरने घरातील जागा वाचते हे खरे, पण त्याच्या मर्यादा ठाऊक असाव्यात. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर यांत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपुरती आहे. पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीतील नुकसानीची जबाबदारी, तिचा स्वतःचा हलगर्जीपणा नसेल तर, तिच्यावर नाही. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर आणि २५ सप्टेंबर २०१९ ची आंबिल ओढ्याच्या पुराची रात्र पाहिलेल्या शहरात तळघरातील लॉकर घेताना एवढा विचार करायलाच हवा. लॉकरमध्येही नाणी त्याच घट्ट डब्यात ठेवावीत, आणि प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र, व्यास व वजन यांची नोंद घरी असावी.

मुंबईची टांकसाळ स्मारक संच विकते, आणि पुण्यातील नाणेविक्रेते आयात केलेल्या कॅप्सूल ठेवतात. या दोघांनी ४४ मिलिमीटरच्या नळ्या आणि कॅप्सूल सुट्या विक्रीला ठेवल्या तर आमच्यासारख्या ग्राहकांची मोठी सोय होईल. आपल्या वृत्तपत्राने ही मागणी त्यांच्यापर्यंत पोहोचवावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक नाणेसंग्राहक वाचक
सदाशिव पेठ, पुणे