गुडघ्याचं तेवढं खरं सांग

चि. संग्राम यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन तू ठेवलास की मी, यावर आईचं अजून चालू आहे. त्या गडबडीत मालिकेत काम मिळाल्याचं तुझं कौतुक राहून गेलं. पोलिसाचं का असेना, काम ते काम. तात्यांनी सगळ्या पेठेत सांगून ठेवलंय. पळापळीचे सीन फार आहेत का रे?

बघ, आलोच तिथं. गुडघ्याचं काढायचं नाही असं ठरवून लिहायला बसलो होतो.

तू त्या टेरी क्रूजचं, अमेरिकेतल्या फुटबॉलपटू-नटाचं, उदाहरण दिलंस, म्हणून शुभ्राकडून मोबाईलवर सगळं काढून घेतलं. एक तर तो आपला फुटबॉल नव्हे. चेंडू काखोटीला मारून धावायचं! शाहू स्टेडियमवर कुणी असं केलं तर पंचाच्या शिट्टीआधी गॅलरी खाली उतरेल. पण गडी मानला. फ्लिंटचा, म्हणजे मोटारींच्या कारखान्यांच्या गावचा. 1991 मध्ये रॅम्स नावाच्या संघानं त्याला खेळाडू निवडीच्या अकराव्या फेरीत घेतलं, म्हणजे जवळजवळ उरल्यासुरल्यांत. मग या संघातून त्या संघात. सोबतच्या खेळाडूंची चित्रं काढून वर चार पैसे मिळवायचा. खेळ संपल्यावर लॉस एंजेलिसला गेला, तर आधी कारखान्यात झाडू मारावा लागला, मग सेटवर राखणदारी. 'ब्रुकलिन नाईन-नाईन' ही मालिका 2013 मध्ये आली तेव्हा तो पंचेचाळीसचा होता. तिथं तोही पोलीसच, सार्जंट. तू अजून तिशीच्या आत आहेस, तेव्हा घाई करू नकोस. मिळेल ते काम धर, भाडं थकवू नकोस, रात्रीचं बाहेरचं खाणं कमी कर आणि... राहू दे. झालं माझं भाषण सुरू. भाषणं आता तू करायची.

तुझ्या इचलकरंजीच्या भाषणाचा व्हिडिओ पाहिला. माईक कसला धरतोस! पोरं एकदम गप्प होती. अभिमान वाटला, आईला तर रडूच आलं. पण मध्येच तू म्हणालास, 'खेळाडूनं दुखणं गिळायचं असतं,' आणि टाळ्या पडल्या. परवा आपलं वाजलं ते त्यावरूनच. तू म्हणतोस, स्टेजवर असं बोलावं लागतं.

मग त्या क्रूजचं पुढचं तू वाचलंस का? 2016 मध्ये एका पार्टीत, बायको शेजारी असताना, सिनेमाच्या धंद्यातल्या एका बड्या माणसानं त्याच्या अंगाला नको तिथं हात लावला. एवढा धिप्पाड माणूस, पण उलटा हात उचलला नाही. उचलला असता तर आत तोच गेला असता. पुढच्या वर्षी त्यानं ते उघड सांगितलं आणि 2018 मध्ये तिकडच्या संसदेच्या, सिनेटच्या समितीसमोर बसून पुन्हा सांगितलं. लोक हसले, टिंगल झाली. तरी तो सांगत राहिला. आज त्याला ऐकायला लोक जमतात त्यात याचाही वाटा असणार, नुसत्या दंडाचा नाही.

तुझी अंगलट बघून तुलाही कुणी विचारत नाही. त्या फायनलनंतर घरी आलास आणि ताट उभ्यानंच घेतलंस. 'लई भूक लागलीय,' म्हणालास आणि पांढऱ्या रश्श्याच्या वाट्यांवर वाट्या संपवल्यास. पाय दुमडत नव्हता म्हणून तू बसला नाहीस, हे आईनं ओळखलं. मी तेव्हा तुझ्या गोलचीच गोष्ट सांगत होतो. पुढं त्या क्लबनं सुई टोचून तुला मैदानात उतरवलं, तेही आम्हाला तुझ्या गोलकीपरकडून कळलं. लिगामेंट गेल्यावर.

म्हणून विचारतो. मालिकेवाले उद्या म्हणतील, भिंतीवरून उडी टाक. तू टाकशील. 'जमेल' म्हणशील. ते तुझ्या तोंडात बसलंय. डॉक्टरांनी वळायचं, उडी मारायची कधीपर्यंत बंद सांगितलंय, ते त्या सेटवरच्या माणसाला सांगितलंस का? काम जाईल याची भीती वाटते, हे मला समजतं. मलाही वाटते. इथून बोलणं सोपं आहे, तेही कळतं.

शुभ्राचं बघायला येणार आहेत ते दिवाळीनंतर. तू असलास तर बरं. रविवारच्या महालक्ष्मीनं तात्या मुंबईला येतायत, त्यांच्याकडे चटणी आणि तुझा नी-कॅप दिलाय. तुझी खोली तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद, हे खरं का?

तुझे,
बाबा

ता. क. नव्या एमआरआयचा कागद व्हॉट्सॲपवर टाक. नुसता अंगठा पाठवू नकोस.