थ्रॉटल केबल ढिली, बिल मात्र सेन्सरचे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: कमी वेगात गचके देणाऱ्या स्पोर्ट्स कारचे चुकीचे निदान व नाहक दुरुस्ती

महोदय,

माझी गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना गचके देते, वेग घेतला की मात्र काही त्रास नाही, असे मी आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर लिहून दिले होते. त्यावर स्पार्क प्लग बदलले गेले, इंजेक्टर साफ झाले, थ्रॉटल पोझिशन सेन्सरही नवा आला. गचके होते तसेच.

शेवटी बाहेरच्या एका मेकॅनिकने बॉनेट उघडून थ्रॉटल बॉडीजवळची, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेला अ‍ॅक्सिलरेटर पेडलशी जोडणारी केबल दोन बोटांत धरून हलवली. चक्क लोंबत होती! पेडल दाबले की आधी नुसती ढील संपायची, मग झडप एकदम उघडायची. पाय उचलला की झडप बंद आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) इंधन तोडणार. पुन्हा दाबले की ढील संपताच इंधन झटक्यात चालू. गचका बसणार नाही तर काय? त्याने ब्रॅकेटवरचे दोन लॉकनट सैल करून केबल ओढून घेतली, किंचित प्ले, म्हणजे ढील, मुद्दाम ठेवला (अगदी ताणली तर झडप पूर्ण मिटत नाही, आयडलिंग, म्हणजे पेडल न दाबताचा इंजिनाचा वेग, चढते) आणि इंजिन बंद ठेवून, पेडल तळापर्यंत दाबल्यावर झडप पूर्ण उघडते ना, तेही पाहिले. पान्याखेरीज काही लागले नाही.

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. पण झडपेच्या स्टॉप स्क्रूवरचा रंगाचा ठिपका तुटलेला आहे. गाडी आपल्याकडे सोडण्याआधीच्या फोटोत तो शाबूत दिसतो. फोटो सोबत जोडला आहे. म्हणजे गचके झाकायला कोणीतरी तो स्क्रू फिरवून आयडलिंग वाढवले. तो आयडलिंगसाठी नसतोच. बंद होताना झडप आत रुतू नये, एवढ्यासाठी तो असतो. हे आपल्या प्रशिक्षित माणसांना मी सांगायचे?

तरी नाहक बसवलेल्या सेन्सरचे व त्याच्या मजुरीचे पैसे परत करावेत, माझे जुने सुटे भाग द्यावेत आणि स्टॉप स्क्रू कंपनीच्या मापानुसार विनामूल्य पूर्ववत करून द्यावा. केबलला किती प्ले ठेवायचा, तो आकडाही कळवावा. उत्तर लेखीच हवे. ‘गाडी घेऊन या, बघू’ असा फोन मला आधीच येऊन गेला आहे.

आपला,
एक त्रस्त ग्राहक