तिसऱ्या दिवशी ठिपका हलणार नाही

ती. आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

फोनवर एक मुद्दा राहून गेला. कॅनडातल्या अल्गाँक्विन पार्कमधल्या आमच्या कनू सहलीत (कनू म्हणजे वल्ह्यांनी चालवायची हलकी, निमुळती होडी) तिसऱ्या दिवशी तुमच्या मोबाइलवरच्या नकाशात आम्ही कुठे आहोत ते दाखवणारा ठिपका बिग ट्राउट तळ्यावरच थांबलेला दिसेल. काही अडलं, असं समजू नका. माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला दोन मुक्काम करते ना, तसा हा आधीच ठरवलेला मुक्काम आहे.

बाबा, तुम्ही विचारलंत की सहा दिवसांत एक दिवस बसून का घालवायचा. कनू वल्हवणं हे अर्धंच काम असतं. एका तळ्यातून दुसऱ्यात जायला जंगलातली पायवाट असते, तिला पोर्टेज म्हणतात. तिथे पोती पाठीवर आणि कनू उलटी करून खांद्यावर. केव्हलार नावाच्या मजबूत धाग्याची हलकी कनूसुद्धा वीसेक किलोची. सगळं एका खेपेत गेलं नाही, तर ७०० मीटरची वाट तीनदा चालावी लागते, म्हणजे २ किलोमीटरच्या वर. ऑटरस्लाइड तळ्यापासून बिग ट्राउटपर्यंत अशी लागोपाठ पाच पोर्टेज आहेत, आणि पुढे इंक तळ्यापासून टॉम थॉमसनपर्यंत एकच, पण २ किलोमीटरहून लांब. अंग सगळ्यात जास्त आंबतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. म्हणून मुक्काम या दोन्हींच्या मधे. तिथे जाऊन ठरवू म्हटलं तर चालत नाही. कोणत्या रात्री कोणतं तळं हे परवाना काढतानाच लिहून द्यावं लागतं, त्यामुळे बिग ट्राउटच्या दोन रात्री आधीच राखून ठेवल्या आहेत.

त्या दिवशी पहिलं काम पायांचं. पोर्टेजच्या दोन्ही टोकांना पाण्यात उतरावंच लागतं आणि बूट दोन दिवस ओले राहतात. आई, भातलावणीत होतात तशाच चिखल्या इथेही होतात. उपाय एकच, पाय पूर्ण कोरडे ठेवणं. दिवसभर सपाता, बोटांच्या बेचक्यांत हवा, आणि रात्रीचे लोकरी मोजे वेगळ्या कोरड्या पिशवीत. ते मोजे दिवसा घालायचेच नाहीत, कितीही थंडी वाजली तरी. दुसरं मनगट. वल्हं घट्ट आवळून धरलं की मनगटाच्या दोऱ्या सुजतात. हात हलवताना करकर जाणवली, तर त्या हाताने लाकूडही तोडायचं नाही. एक दिवस विसावा दिला तर बहुतेकदा भागतं, रेटत राहिलं तर दुखणं पुढे आठवडे टिकतं.

मग वाळवण. झोपायच्या पिशवीत पिसं असतात. ती दमट झाली की चिकटून बसतात आणि ऊब जाते. दहाला ऊन आलं की पिशवी उलटी करून दोरीवर, आणि चारला आत, कारण तळ्याकाठी दव लवकर धरतं. दोरी बांधण्याआधी आणि तंबू ठोकण्याआधीही मान वर करून बघायचं. वाळलेली फांदी किंवा मेलेलं झाड डोक्यावर असेल, तर ती जागाच सोडायची.

कनू सावलीत पालथी घालून तळ तपासतो. ओरखडे असतातच, त्यांचं काही नाही. पण नखाला अडकेल अशी चीर असेल, तर भोवतालची जागा कोरडीठाक करून डक्ट टेप. ओल्यावर टेप धरत नाही, लोक इथेच चुकतात. बसायच्या पट्ट्यांचे आणि खांद्यावर येणाऱ्या जोखडाचे नटही आवळून घ्यायचे. पाणी गाळायची नळी तिसऱ्या दिवशी हमखास मंदावते. स्वच्छ पाणी पिचकारीने उलट्या बाजूने दाबून सोडलं की ती मोकळी होते. तेवढ्यानेही भागलं नाही, तर पाण्याला खळखळून एक मिनिट उकळी.

आई, बसून राहिलं तर भूक कमी लागेल असं तुला वाटेल. उलट होतं. दोन दिवसांची भूक त्या दिवशी निघते, म्हणून माणशी ७०० ग्रॅम कोरडा शिधा त्या दिवसासाठीही धरलाच आहे. सकाळी मेतकूट-भात, रात्री मुगाची खिचडी. तुझं लोणचं येतंय, पण प्लास्टिकच्या डबीतून. काचेच्या बरण्या आणि पत्र्याचे डबे आत न्यायला बंदी आहे. एकाच जागी दुसरी रात्र म्हणजे अस्वलाला आणि खारीसारख्या चिपमंकला वास लागायला जास्त वेळ. त्यामुळे सांडलेलं शीत न् शीत उचलायचं आणि भांडी तळ्यापासून ६० मीटर आत घासायची. अन्नाची पिशवी, टूथपेस्टसकट, जमिनीपासून ४ मीटर उंच आणि खोडापासून २ मीटर लांब टांगायची. तंबूत बडीशेपसुद्धा नाही.

खरा धोका रिकामपणाचा. कोणीतरी एकटाच रिकामी कनू घेऊन मासे धरायला निघतो. तो मागच्या टोकाला बसला की पुढचं टोक पाण्याबाहेर उचललं जातं आणि वारा ते भोवऱ्यासारखं फिरवतो. एकट्याने जायचंच तर पुढच्या बाकावर मागे तोंड करून बसायचं. म्हणजे वजन मध्याजवळ येतं, आणि मागचं टोक पुढचं होतं. लाइफ जॅकेट अंगात, जागेवरून दिसेल एवढ्याच अंतरात आणि दुपारचा वारा सुटायच्या आत परत. गडगडाट ऐकू आला तर शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास पाण्यात कोणी नाही. कुऱ्हाडही त्या दिवशी कमीच. हाताने मोडतील अशा वाळक्या काटक्या पुरतात.

ठिपके पाठवणाऱ्या यंत्राची बॅटरी वाचवायला त्या दिवशी माग बंद असेल, म्हणून नवे ठिपके येणारच नाहीत. 'सगळं ठीक' असा निरोप दोनदा येईल: इथल्या सकाळी ८ ला, म्हणजे तुमच्या संध्याकाळी साडेपाचला, आणि इथल्या संध्याकाळी ६ ला, तेव्हा तुमच्याकडे पहाटेचे साडेतीन. त्यासाठी जागू नका, उठल्यावर बघा. दाट झाडीखाली निरोप उशिरा सुटतो, तास-दोन तास इकडेतिकडे धरा. चौथ्या दिवशी तुमच्या संध्याकाळी पाचच्या सुमारास ठिपका पश्चिमेकडे, मॅकिंटॉश तळ्याच्या दिशेने सरकू लागेल. त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या सकाळपर्यंत ठिपका हलला नाही आणि निरोपही आला नाही, तरच फ्रिजवर लावलेल्या कागदावरच्या पहिल्या नंबरला फोन करा. आमचा सगळा मार्ग त्यांच्याकडे लिहून दिलेला आहे.

बाबा, गुडघ्याचा पट्टा वापरताय ना?

तुमची,
धाकटी