बिशप बदलतात, दप्तराचा चार्ज कोण घेतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या सर्वोच्च धर्मगुरुपदासाठी, सारा मलाली यांचे नाव 3 ऑक्टोबर 2025 रोजी जाहीर झाले आणि ती बातमी आपल्याकडेही फोटोसह छापून आली. चौदाशे वर्षांच्या परंपरेत या पदावर येणारी पहिली स्त्री, पूर्वाश्रमीची परिचारिका, इंग्लंडची माजी मुख्य नर्सिंग अधिकारी. ज्या चर्च ऑफ इंग्लंडमध्ये 1994 पर्यंत स्त्रीला प्रीस्ट (धर्मगुरू) होता येत नव्हते, तिथे हे घडले याचा मला मनापासून आनंद झाला. पण ती जागा रिकामी का झाली, हे सांगणारी ओळ बहुतेक ठिकाणी शेवटी घाईने उरकलेली होती. मला त्या ओळीविषयी लिहायचे आहे, कारण ती महाराष्ट्रातल्या मंडळ्यांनाही (स्थानिक ख्रिस्ती समुदायांनाही) लागू पडते.

आधीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी 12 नोव्हेंबर 2024 रोजी राजीनामा जाहीर केला. पाचच दिवस आधी मुलांच्या छळाच्या एका जुन्या प्रकरणाची चौकशी करणारा मेकिन अहवाल प्रसिद्ध झाला होता. जॉन स्माइथ नावाचा नामांकित बॅरिस्टर ख्रिस्ती शिबिरांतून ओळख झालेल्या मुलांना वर्षानुवर्षे रक्तबंबाळ होईपर्यंत छड्या मारत असे. इंग्लंड आणि आफ्रिका मिळून शंभराहून अधिक मुले आणि तरुण त्याच्या तावडीत सापडले. 1982 मध्येच शिबिरांशी संबंधित लोकांच्या हाती याचा लेखी अहवाल आला होता, पण तो दाबून ठेवला गेला. स्माइथ झिम्बाब्वेला गेला आणि तिथेही त्याने शिबिरे भरवली. 2013 मध्ये एका पीडिताची तक्रार ईली डायोसिसच्या (बिशपांच्या अधिकारक्षेत्राच्या) कचेरीत पोचली, तिथून लॅम्बेथ पॅलेसला, म्हणजे आर्चबिशपांच्या कचेरीला, कळली. दक्षिण आफ्रिकेतल्या एका बिशपांना पत्र गेले. पोलिसांना कळवले आहे, असे वेल्बी यांना सांगण्यात आले आणि त्यांनी ते खरे मानले. पुढे काय झाले, याचा पाठपुरावा मात्र नीट झाला नाही. अखेर 2017 मध्ये चॅनल फोर या वाहिनीने प्रकरण चव्हाट्यावर आणले आणि 2018 मध्ये खटला उभा राहण्याआधीच स्माइथ केप टाऊनमध्ये मेला.

या प्रकरणात 'आम्हाला काहीच माहीत नव्हते' असे म्हणायची सोय कोणालाच राहिली नाही. माहिती होती, पत्रे होती, फक्त ती पुढे सरकली नाहीत. डायोसिसचे कार्यालयीन काम म्हणजे रुक्ष कारकुनी, खरी सेवा वेदीवर आणि व्यासपीठावर, असे आपल्यातले पुष्कळ भाविक समजतात. ज्या मुलांची तक्रार टेबलावर पडून राहिली, त्यांच्यासाठी तीच कारकुनी सर्वांत मोठी सेवा ठरली असती.

वेल्बी 6 जानेवारी 2025 रोजी पायउतार झाले. मलाली यांच्या निवडीवर कायदेशीर शिक्कामोर्तब झाले 28 जानेवारी 2026 रोजी, लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये. म्हणजे मध्ये वर्षाहून जास्त काळ गेला. त्या काळात कँटरबरी डायोसिसचा रोजचा कारभार डोव्हरच्या बिशप रोझ हडसन-विल्किन यांनी पाहिला, तर राष्ट्रीय पातळीवरची बरीचशी कामे यॉर्कचे आर्चबिशप स्टीफन कॉट्रेल यांच्याकडे होती. नाव सुचवणारा आयोग 17 मतदार सदस्यांचा होता आणि पाच जागा जगभरच्या अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या) मंडळ्यांसाठी होत्या. ही निवड बंद दाराआड होते, ही टीका रास्तच आहे. पण बिशप नसताना कोणते काम कोणाचे, हे ठरलेले होते.

आपल्याकडे मुंबई डायोसिस स्थापन झाला 1837 मध्ये आणि टॉमस कार हे पहिले बिशप झाले. फोर्टमधले सेंट थॉमस चर्च त्या वेळी कॅथेड्रल झाले. 1929 मध्ये नाशिक डायोसिस वेगळा निघाला. 1930 मध्ये इथल्या अँग्लिकन मंडळीचा कायद्याने इंग्लंडच्या चर्चशी असलेला बंध सुटला आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभे राहिले. ते आजही जागतिक अँग्लिकन परिवाराचे सदस्य आहे. एके काळी आमच्या बिशपांचे नाव लंडनहून ठरून येत असे. आता डायोसिसन कौन्सिलमध्ये, म्हणजे डायोसिसच्या प्रातिनिधिक सभेत, आमचेच प्रतिनिधी बसतात. हा हक्क आपण निवडणुकीच्या दिवसापुरता वापरतो, पुढे दप्तर कोणत्या स्थितीत आहे हे विचारत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

मी जिल्हा परिषदेच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि नंतर काही काळ आमच्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पाळकीय समितीची सेक्रेटरी होते. मंडळीच्या कपाटात बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही होती. कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई विटकरी झालेली, पण कोणी पणजोबांचा दाखला मागायला आले की नाव सापडायचे: आईबापांची नावे, गाव, पाळकाची सही, सगळे जागच्या जागी. त्याच कपाटात मालमत्तेची फाइल होती. तिच्यात घरपट्टीच्या पावत्या आणि एक झेरॉक्स नकाशा. सातबारा नाही, खरेदीखत नाही. मूळ कागद कुठे, असे विचारले की एक जण म्हणायचा मुंबईला, दुसरा म्हणायचा वकिलांकडे, तिसरा म्हणायचा जुन्या सेक्रेटरींच्या घरी.

ज्यांनी अशा समित्यांवर काम केले आहे, त्यांना हे नवीन नाही. मंडळ्यांच्या बहुतेक जमिनी आणि इमारती सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या नावावर आहेत. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करायचा, हा कायदा आहे. नवे बिशप आले, नवी समिती आली, की एक गट रिपोर्ट दाखल करतो, दुसरा हरकत घेतो आणि तारखा पडू लागतात. पीटीआरचा (विश्वस्त संस्थांच्या सरकारी नोंदवहीचा) उतारा काढावा तर विश्वस्त म्हणून अशांची नावे दिसतात, जे केव्हाच प्रभूमध्ये झोपी गेले. बँक सह्या बदलायला तयार होत नाही आणि त्याची झळ बसते ती वसतिगृहाच्या स्वयंपाकिणीला, शिपायाला, खेड्यातल्या पाळकाला. विश्वस्त संस्थेची जागा विकायची किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. विश्वस्तच कोण हे ठरलेले नसेल, तर त्या जागेची राखण कोण करणार? सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये गुजरातमधल्या ब्रदरेन या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीच्या प्रकरणात स्पष्ट केले, की मंडळ्या एकत्र आल्याच्या ठरावाने विश्वस्त संस्थेची मालमत्ता आपोआप दुसरीकडे जात नाही, त्यासाठी कायद्याची वाट धरावीच लागते.

सरकारी कचेरीत साधा लिपिक बदलून गेला तरी चार्ज यादी होते. किती फाइली, किती पावती पुस्तके, कोणत्या कपाटाची किल्ली, आणि खाली देणाऱ्याची व घेणाऱ्याची सही. बिशपांच्या निवृत्तीचे वय ठरलेले असते, तारीख आधीपासून सर्वांना माहीत असते. मग त्याआधी सहा महिने अशी यादी करायला काय हरकत आहे? तीत मिळकतींचे मूळ कागद कुठे आहेत, न्यायालयात कोणते दावे चालू आहेत, कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीचे किती भरायचे आहे, हे असावे. आणि सर्वांत आधी, कोणाविरुद्ध काय तक्रार आली व तिचे पुढे काय झाले, हे असावे. वसतिगृहातल्या मुलीने किंवा शाळेतल्या शिक्षिकेने दिलेला अर्ज जुन्या बिशपांबरोबर निवृत्त होता कामा नये. ही यादी कौन्सिलपुढे वाचली जावी आणि प्रत्येक मंडळीला तिची प्रत मिळावी. यातली गोपनीय नावे झाकता येतील, आकडा आणि तारीख झाकायचे कारण नाही.

या मागणीवर 'घरातली धुणी बाहेर धुवू नका' असे मला ऐकावे लागले आहे, तेही चांगल्या माणसांकडून. आपण अल्पसंख्य आहोत, लोक बोट ठेवायला टपलेले आहेत, ही त्यांची भीती खोटी नाही. पण इंग्लंडमध्ये तीस वर्षांहून अधिक काळ अशाच भीतीपोटी गप्प राहिलेल्यांनी चर्चची अब्रू वाचवली नाही, आणि मुलांनाही वाचवले नाही.

आपल्या वर्तमानपत्राला एक विनंती आहे. नव्या बिशपांच्या दीक्षाविधीचा फोटो आपण आवर्जून छापता, तो छापाच. त्याबरोबर मुंबई, नाशिक, पुणे, कोल्हापूर, नागपूर, मराठवाडा यांपैकी जिथे पद रिकामे होईल, तिथे प्रभारी कोण, लेखापरीक्षण कोणत्या वर्षापर्यंत झाले आहे आणि चेंज रिपोर्ट मंजूर आहे की प्रलंबित, एवढे तीन प्रश्न आपल्या वार्ताहराने विचारावेत आणि मिळालेले उत्तर जसेच्या तसे छापावे.

आपली विश्वासू,
मंडळीची एक सभासद, नाशिक