जीवशास्त्र न घेतलेल्यांसाठी नियम बदलला, व्यवस्था कधी बदलणार?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बारावीचे आणि त्यापाठोपाठ ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचे निकाल लागले की वर्तमानपत्रांतून गुणवंतांची छायाचित्रे छापून येतात, आणि ती यावीतच. त्याच दिवसांत तालुक्याच्या गावी आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकांकडे जी मुले आणि त्यांचे पालक विचारपूस करायला येतात, त्यांची छायाचित्रे मात्र कोठेच छापून यायची नसतात. एखाद्याने अकरावीला गणिताचा गट आणि बायफोकल या व्यावसायिक विषयगटातून संगणकशास्त्र घेऊन जीवशास्त्र सोडून दिलेले असते. एखादीला दहावीला गुण कमी पडल्यामुळे घरच्यांनी कला शाखेत घातलेले असते. कोणी भौतिकशास्त्रात अडकून पुरवणी परीक्षेत सुटलेला असतो. या सर्वांना ‘आता डॉक्टरकीचा विचार सोडा’ हे एकच उत्तर मिळालेले असते. प्रचलित नियमांच्या दृष्टीने हे उत्तर चुकीचे आहे, आणि ते देणाऱ्यांत कनिष्ठ महाविद्यालयांतील जबाबदार माणसेही असतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

प्रथम कमी गुणांविषयी. दहावीच्या गुणांना एमबीबीएस प्रवेशात कोठेही स्थान नाही. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या तीन विषयांत मिळून खुल्या गटाला ५० टक्के, म्हणजे ३०० पैकी १५० गुण पुरतात. अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांना ४० टक्के, म्हणजे १२०. प्रत्येक विषयात आणि इंग्रजीत उत्तीर्ण असले पाहिजे, एवढीच त्यापुढची अट. ही पात्रता पूर्ण झाली की गुणवत्ता यादी ‘नीट’च्या ७२० गुणांवरच ठरते. त्यामुळे बारावीला ५८ टक्के मिळवलेली मुलगी आणि ९२ टक्के मिळवलेला मुलगा नियमाच्या दृष्टीने एकाच रेषेवर उभे असतात. शाळेतल्या दोन वर्षांच्या अभ्यासाला इतके कमी मोल देणे योग्य आहे का, हा स्वतंत्र वादाचा विषय आहे आणि तमिळनाडूने तो नेटाने लढवला आहे. पण ज्याचे शाळेतले गुण कमी आहेत त्याला आजच्या नियमाने दार बंद केलेले नाही, हे तरी आपण त्याला नीट सांगायला हवे.

दुसरा आणि अधिक दुर्लक्षित मुद्दा आहे तो विज्ञानाचे विषयच न घेतलेल्यांचा. पूर्वी वैद्यकीय शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या १९९७ च्या नियमावलीनुसार अकरावी-बारावीत ही तीन विषयांची वाट सलग, नियमित विद्यार्थी म्हणून आणि प्रात्यक्षिकांसह चालणे आवश्यक होते. मुक्त विद्यालयातून किंवा खासगीरीत्या हे विषय पूर्ण केलेल्यांना परीक्षेलाच बसू दिले जात नव्हते. मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांवरील बंदी दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये रद्द ठरवली. २०२२ मध्ये त्या परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने खुल्या गटासाठी २५ आणि राखीव गटांसाठी ३० वर्षे ही कमाल वयोमर्यादा काढून टाकली. आणि २२ नोव्हेंबर २०२३ रोजी आयोगाने जाहीर सूचना काढून स्पष्ट केले, की बारावी उत्तीर्ण झाल्यानंतर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान हे विषय मान्यताप्राप्त मंडळाकडून अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण केले, तरी उमेदवार ‘नीट’ला पात्र आहे. परदेशात शिकायला जाण्यासाठी लागणारे पात्रता प्रमाणपत्रही अशा उमेदवाराला मिळू शकते. या तीन बदलांचा एकत्रित अर्थ असा, की तेविसाव्या वर्षी बी.ए. झालेली मुलगी ठरवील तर पुन्हा विज्ञानाकडे वळून वैद्यकीय प्रवेशाच्या रांगेत उभी राहू शकते. तिला लागणारी चिकाटी कोणी देऊ शकत नाही. पण परवानगी तिला मिळालेली आहे.

आता ही परवानगी प्रत्यक्षात वापरायला गेले की काय होते ते पाहावे. आपल्या राज्य मंडळाच्या परीक्षेला नियमित विद्यार्थ्यांबरोबर पुनर्परीक्षार्थी, श्रेणीसुधार योजनेतील आणि ‘तुरळक विषय’ घेऊन बसणारे विद्यार्थीही असतात, हे मंडळाच्या दरवर्षीच्या परिपत्रकांतून वाचायला मिळते. म्हणजे कागदावर सोय आहे. अडते ते प्रात्यक्षिकांपाशी. विज्ञानाच्या प्रत्येक विषयाला लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३० अशी गुणांची विभागणी आहे आणि ते ३० गुण घरी बसून मिळत नाहीत. त्यासाठी एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयाने आपली प्रयोगशाळा, आपले सूक्ष्मदर्शक आणि आपल्या शिक्षकाचा वेळ या बाहेरच्या विद्यार्थ्याला द्यावा लागतो. त्याबद्दल महाविद्यालयाला काहीच मिळत नाही, उलट निकालाची टक्केवारी खाली येण्याची भीती असते. माझ्या परिचयातील एका मुलीने, जिने गणिताचा गट घेऊन बारावी चांगल्या गुणांनी पूर्ण केली होती, केवळ जीवशास्त्र हा एक विषय देण्यासाठी आसपासच्या महाविद्यालयांत चौकशी केली, तेव्हा एका ठिकाणी ‘असा नियमच नाही’ असे सांगण्यात आले आणि दुसऱ्या ठिकाणी आयोगाची सूचना वाचून दाखवल्यावर ‘मंडळाकडून आम्हाला पत्र आलेले नाही’ असे उत्तर मिळाले. दुसरे उत्तर देणाऱ्या गृहस्थांना मी फारसा दोष देत नाही, कारण पत्र आल्याशिवाय काही न करणे हीच आपल्याकडे सुरक्षित रीत आहे.

अशा मुलांना भरमसाट आशा दाखवणेही बरोबर नाही. ज्याचे भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र झालेले आहे आणि फक्त जीवशास्त्र राहिले आहे, तो या सगळ्यांत सर्वांत सुस्थितीत असतो. ‘नीट’च्या १८० प्रश्नांपैकी ९० म्हणजे बरोबर निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे असतात, त्यांतील बहुतेक एनसीईआरटीच्या पुस्तकातील वाक्यावाक्याला धरून असतात, आणि गणिताची सवय असलेल्या मुलाला ज्या भौतिकशास्त्राची इतरांना धास्ती वाटते तेच हात देते. चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो, त्यामुळे अर्धवट पाठांतर अंगावर येते हे खरे. पण वर्षभर नेमाने अभ्यास करणाऱ्या अशा विद्यार्थ्याला जीवशास्त्र आवाक्यात येते, हे अनेक वर्षे वर्गात शिकवताना मी पाहिलेले आहे. कला शाखेतून येणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला तिन्ही विषयांची पायाभरणी करायची असते, मोल संकल्पना आणि सदिश यांपासून सुरुवात करायची असते, शिवाय आपल्याकडे अकरावी-बारावीचे विज्ञान प्रामुख्याने इंग्रजीतून चालत असल्यामुळे मराठी माध्यमातल्या मुलाला दोन आघाड्यांवर लढावे लागते. ‘नीट’ मराठीतून देता येते, पण तसे करणारे फार थोडे आहेत, कारण मराठीतून दर्जेदार सरावसाहित्य मिळत नाही. अशा विद्यार्थ्याने दोन-तीन वर्षांची तयारी मनाशी धरूनच निघावे. वर्षभरात डॉक्टर करून देतो म्हणणाऱ्या शिकवणीवाल्याला त्याने फी देऊ नये.

या मुलांना प्रवेश सुलभ करा म्हटले, की दर्जाचा प्रश्न काढला जातो. ‘उद्या माझे ऑपरेशन कोण करणार?’ असे विचारणारे सुशिक्षित लोक मला भेटतात. त्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक तर अतिरिक्त विषय देऊन आलेल्याला ‘नीट’मध्ये एकाही गुणाची सवलत नाही, तो इतरांइतकेच गुण मिळवून आत येणार आहे. आत आल्यावरही पहिल्या वर्षाची परीक्षा चारपेक्षा अधिक वेळा देता येत नाही आणि नऊ वर्षांत अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, हा नियम सर्वांना सारखाच आहे. दुसरे असे, की दर्जाची खरी काळजी असेल तर ती भलत्याच ठिकाणी वाहिली जाते आहे. २०२५ मध्ये सुमारे २२ लाख मुलांनी ‘नीट’ दिली आणि त्यांपैकी १२ लाखांहून अधिक ‘पात्र’ ठरली, कारण पात्रता शतमकावर, म्हणजे किती टक्के उमेदवारांना मागे टाकले यावर ठरते आणि खुल्या गटाची ती रेषा ७२० पैकी १४४ गुणांवर होती. देशातील एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत. सरकारी महाविद्यालयात खुल्या गटातून जागा मिळवायची तर या १४४ च्या तिपटीहून अधिक गुण लागतात. मात्र ज्याच्या वडिलांची ऐपत आहे त्याला बरेच कमी गुण असतानाही संस्थात्मक किंवा अनिवासी भारतीय कोट्यातून खासगी महाविद्यालयाची पायरी चढता येते. पंजाबात तर अनिवासी भारतीयांच्या लांबच्या नातेवाइकांनाही या कोट्यात बसवण्याचा घाट घातला गेला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ही फसवणूक असल्याचे सुनवावे लागले. कमकुवत शैक्षणिक पार्श्वभूमी आपल्या व्यवस्थेला चालते, फक्त ती पैसेवाल्याची असावी लागते. गरिबाघरच्या मुलाने नंतर कष्ट करून ती भरून काढली, तरच दर्जाची आठवण का होते, हे मला उमगलेले नाही.

बाहेर यावर अधिक विचार झालेला आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजने २००१ पासून शहरातील सामान्य सरकारी शाळांच्या विद्यार्थ्यांसाठी सहा वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम ठेवला आहे. त्यांना प्रवेशासाठी नेहमीपेक्षा कमी गुण चालतात, सुरुवातीचा अभ्यास संथ गतीने आणि अधिक आधार देऊन घेतला जातो, आणि अखेरची परीक्षा मात्र इतरांचीच असते. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय महाविद्यालयाने १९८७ पासून साहित्य, इतिहास अशा विषयांचे विद्यार्थी नेहमीच्या विज्ञानाच्या अटी न घालता घेतले, आणि ते पुढे वैद्यकीय शिक्षणात इतरांच्या बरोबरीने टिकले, असे त्याच संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दिसले. आपल्याकडेही सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या जुन्या प्रवेश परीक्षेत गांधीविचारांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे, म्हणजे निवड केवळ विज्ञानाच्या गुणांवर होत नसे. ‘नीट’ आल्यावर ती गेली. (आनंदीबाई जोशींच्या नावाने आपण भाषणे खूप करतो. कोणतीही पदवी नसलेल्या त्या मुलीला फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाने १८८३ मध्ये प्रवेश दिला आणि १८८६ मध्ये ती एम.डी. झाली, हा भाग त्या भाषणांत सहसा नसतो.)

‘नीट’ ही वारंवार देणाऱ्याची परीक्षा झाली आहे, हेही येथे नोंदवले पाहिजे. तमिळनाडू शासनाने नेमलेल्या न्या. ए. के. राजन समितीच्या अहवालानुसार त्या राज्यात २०१०-११ मध्ये प्रवेश मिळालेल्यांत पुन्हा प्रयत्न केलेले विद्यार्थी सुमारे साडेबारा टक्के होते. २०२०-२१ पर्यंत ते प्रमाण ७० टक्क्यांच्या पुढे गेले. याचा अर्थ एक-दोन वर्षे थांबवून लातूर, नांदेड किंवा कोटा येथे मुलाच्या शिकवणीचा खर्च करण्याची ताकद ज्या घरात आहे, त्या घराची संधी वाढते. यावर तमिळनाडूने २०२० मध्ये कायदा करून सरकारी शाळांत शिकलेल्यांसाठी साडेसात टक्के जागा प्राधान्याने राखल्या, मद्रास उच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला, आणि तेव्हापासून दरवर्षी सरकारी शाळांची शेकडो मुले एमबीबीएसला जात आहेत. महाराष्ट्राने असे काही करावे का, यावर विधिमंडळात चर्चा व्हायला हरकत नाही. मी त्याहून पुष्कळ लहान आणि कोणत्याही कायद्याशिवाय होण्याजोग्या गोष्टी मागतो आहे.

राज्य मंडळाने आपल्या नऊही विभागीय मंडळांमार्फत कनिष्ठ महाविद्यालयांना आयोगाच्या सूचनेची प्रत पाठवावी आणि बारावीचे आवेदनपत्र भरण्याच्या निवेदनात हे विषय अतिरिक्त म्हणून घेता येतात, त्याला पात्रता काय आणि अर्ज कोठे करायचा, हे मराठीत स्पष्ट छापावे. प्रत्येक तालुक्यातील एका अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयाला अशा विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिके दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घेण्याची जबाबदारी द्यावी, त्याचे वाजवी शुल्क आणि शिक्षकांचे मानधन ठरवून द्यावे, आणि या उमेदवारांचा निकाल त्या महाविद्यालयाच्या टक्केवारीत धरू नये. हा शेवटचा भाग किरकोळ वाटेल, पण नकाराचे मूळ बऱ्याचदा त्यातच असते. ‘महाज्योती’ या राज्य शासनाच्या संस्थेमार्फत इतर मागासवर्गीय, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना ‘नीट’चे मोफत प्रशिक्षण आणि टॅब दिले जातात, हा उपक्रम स्तुत्य आहे, परंतु त्यासाठी दहावीनंतर अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतलेला असणे ही अट आहे. तीच अट नव्या नियमाने पात्र झालेल्यांना बाहेर ठेवते. अतिरिक्त विषयांसाठी मंडळाकडे नोंदणी केलेल्या विद्यार्थ्यांनाही या व अशा अन्य संस्थांच्या योजनांत सामावून घ्यावे.

शालेय शिक्षण विभाग आणि राज्य मंडळ यांनी पुढील आवेदनपत्रांची तारीख जाहीर करण्यापूर्वी यावर निर्णय घ्यावा. तारीख जाहीर झाल्यावर काढलेले परिपत्रक महाविद्यालयांच्या फलकावर लागेपर्यंत मुदत संपलेली असते आणि त्या मुलांचे आणखी एक वर्ष जाते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक
जि. परभणी